दोन खुंट्या

नागपूरहून उमरेडकडे जाताना
बसमधली पोरं खिडकीतून बोट दाखवतात, डोंगर! डोंगर!
या सपाट मुलखात डोंगर नव्हता.
कोळशासाठी जमीन उसवली,
वरची माती तीस वर्षं बाजूला टाकत गेले,
तिलाच आता बाभळी फुटल्यात,
उतारावर बकऱ्या चरतात.

मी सर्व्हे सेक्शनचा हेल्पर.
माथ्यावर जिथं भेग पडली
तिच्या अल्याड एक खुंटी, पल्याड एक.
रोज साडेसहाला टेप लावायचा, वहीत आकडा लिहायचा.
सोमवारी अडतीस सेंटिमीटर.
मंगळवारी अडतीसच.
बुधवारी रात्रभर पाऊस. गुरुवारी एक्केचाळीस,
आणि दुपारी पुन्हा गेलो, कुणी सांगितलं नव्हतं तरी,
त्रेचाळीस.
भेगेला कान लावला तर आत पाणी चालत होतं,
शेजारच्या घरात रात्री कुणी उठून
न्हाणीकडे जावं तसं.

साहेबांनी आकडा पाहिला, चष्मा पुसला,
म्हणाले, टोली खाली करा.
पायथ्याची एकोणतीस घरं.
भोंग्याची बॅटरी उतरलेली,
म्हणून मी आणि रायभान मेश्राम थाळी वाजवत फिरलो.
लोक निघाले. गादी, सिलिंडर, शाळेचे दाखले,
कुणाच्या कडेवर मिक्सर, लेकरासारखा.
पंचफुलाबाई उईके तेवढ्या उंबऱ्यात बसून.
"मी कायले हटू? मी आधीची आहो.
हा डोंगर माह्या लग्नानंतर आला.
त्याले सांग ना बापा, हट म्हनून."

यावर आमच्या नियमावलीत उत्तर नाही.

शेवटी आल्या. आधी बकरी, मग त्या.
रात्रभर शाळेच्या दोन वर्गांत चौऱ्याण्णव माणसं
टिनावरच्या पावसाला कान देऊन.
आणि काहीच झालं नाही.
सकाळी डोंगर जागच्या जागी, न्हाऊन उभा,
बाभळीवर बगळे.

काही न होणं किती महाग पडतं
ते मला त्या आठवड्यात कळलं.
चहाच्या टपरीवर पोरं ग्लासावर चमचा वाजवून दाखवायची.
भिजलेल्या पिठाचे पैसे कोण देणार, विचारायची.
डोंगर सरकला नाही
याची मलाच लाज वाटू लागली,
मग त्या लाजेची भीती.
पुढच्या खेपेला थाळीवर
हात जरा उशिरा पडला तर?

काल पंचफुलाबाईंच्या परसात गेलो.
घरामागे उतार सुरू होतो तिथं
चिखलात बारीकशी चीर,
आणि चिरेच्या दोन्ही अंगांना
खराट्याच्या दोन काड्या रोवलेल्या.
बाई वाकून वीत टाकत होत्या.
"तुहा टेप वरतं पाह्यते. मी खालतं पाह्यतो.
काल एक वीत, तीन बोटं."
पुन्हा वीत टाकली. बोटं मोजली.
हाताचा चिखल लुगड्याला पुसून परत मोजली.
"लिव."

सेंटिमीटरच्या रकान्यात बोटं कशी लिहायची?
अक्षरात लिहिलं: एक वीत, पाच बोटं.
आणि थाळी कुठं ठेवली
ते आठवू लागलो.