विस्तारी

धानाचं रिकामं गोदाम, सिंदेवाहीच्या अलीकडे, कालव्याला लागून.
बारदाना कोपऱ्यात सारला.
तिपायांवर चार मोबाईल, एक माझा, तीन मागून आणलेले,
आणि मधोमध विस्तारी मोहुर्ले,
चाळीस वर्षं दंडारीत पडणारा माणूस.

पडण्याचीच त्याची ख्याती.
राजा येतो, राणी रडते,
मग हा येतो, पडतो,
आणि मागच्या सतरंजीवरचे उठून उभे राहतात.

काळ्या बनियनवर मी पांढऱ्या टिकल्या चिकटवल्या
सांधा चाचपून: खांदा, कोपर, कंबर, गुडघा.
"मले नवरदेव करून रायला का बा?"
सहा वेळा पडला. प्रत्येक वेळी
स्वतःच उठून कपडे झटकले, टिकल्या सांभाळून.
सेकंदाला साठदा
मी त्याला आकड्यांत भरून घेतला.

रात्री लाईट आल्यावर पडद्यावर उभा राहिला
काड्यांचा माणूस.
खरा, अगदी खरा,
आणि हसू काही येईना.
पांदणीत म्हातारा घसरावा तसं ते पडणं,
धावत जाऊन उचलावंसं.

माझं पात्र अस्वल. मोहफुलं खाऊन टुन्न,
पाय आखूड, पोट रांजणाएवढं.
विस्तारीचे लांब पाय त्याला बसवले
तर ते तेल सांडल्यासारखं घसरत चाललं,
टाचा वीतभर मातीत.

मग मी सगळे करतात तेच केलं.
खडबडीत होतं ते घासून गुळगुळीत,
राहिलेलं प्रत्येक वळण ओढून दुप्पट.
आपटलं की भाकरीसारखं चपटं,
उसळलं की दुधीसारखं लांब.
रेघांचे डोंगर उंच झाले, दऱ्या खोल,
आणि अस्वल इतकं जोरात कोसळलं
की शेजारचा कुत्रा उठून दुसरीकडे जाऊन झोपला.

विस्तारीला बोलावलं. चहा पाजला.
बिडी विझेपर्यंत तो बघत बसला.
"पडते बरोबर," म्हणाला,
"पन पडाच्या आंधी थांबत काऊन नाही?"

न घासलेली मूळ रेघ उघडली.
पाय काठाच्या पुढे जातो
आणि मग एकोणीस चौकटी काहीच नाही. सपाट.
मी ती मेलेली जागा समजून कापली होती.
त्या एकोणीस चौकटींत फक्त मान,
बोटभर, मागच्या लोकांकडे.

"त्याइले सांगा लागते न, का मी आता पडून रायलो म्हनून.
लांब बसले असते. पोचाले टाइम लागते.
गॅसबत्ती होती तवा याच्याहून जास्त थांबो."

म्हणजे मी आधीच वाढवलेलं वाढवत होतो,
आणि जे वाढवायचं
ते घासलेल्या भुशात.

तिथेच अजून एक सापडलं:
पडण्याआधी सहाही वेळा गुडघ्याची रेघ थरथरलेली,
बारीक, गव्हाच्या कुसळासारखी.
"हे?"
"ते नको घेऊ," तो म्हणाला. "त्याचे पैसे नाही भेटत."

एकोणिसाच्या मी चौपन्न चौकटी केल्या.
आता अस्वल धुऱ्यावर एका पायावर उभं राहतं,
मान वळवून आपल्याकडे बघतं,
बघतच राहतं,
आणि गुडघा, मी घेतलाच तो, तिप्पट करून,
टिनावर वाटाणे ओतावे तसा तडतडतो.
मग पडतं.

शाळेच्या भिंतीवर दाखवलं, चादर ताणून.
पोट्ट्यांनी सात वेळा लावायला लावलं.
विस्तारी पुढे बसून
पडद्याकडे पाठ करून पोट्ट्यांचीच तोंडं बघत होता.

चादर गुंडाळताना भागरता आली, त्याची घरची.
ती हसली नव्हती, मी पाहिलं होतं.
चित्र मी उलटं फिरवलेलं,
अस्वल झाडाच्या बाजूला पडावं एवढ्यासाठी,
कुणाला सांगितलंही नव्हतं.
"गुडघा उजवा हाय बुढ्याचा," ती म्हणाली.
"तू डावा केला."