टाकीतलं पाणी

दामियान, आधी ऐक.
हात नंतर लाव.

पुंता अरेनासमध्ये वारा कुणाला नवा नाही.
नाक्यानाक्यावर दोर बांधलेत, म्हाताऱ्यांनी धरून चालावं म्हणून.
सामुद्रधुनीवरून येतो, टोप्या नेतो, पत्रे नेतो,
माझ्या मावशीची वाळत घातलेली चादर
एकदा त्यानं पोलीस चौकीवर नेऊन फडकवली.
तो वारा बरा. तो येताना कळतो.

हा टाकीतला बघ.
आठ बारला दाबून बसवलाय.
गप्प आहे म्हणून गरीब समजू नकोस.

ही नळी. रोज सकाळी, बंद असताना,
वीतभर वीतभर चाचपायची.
फुगवटा लागला तर टाकून द्यायची.
चिकटपट्टी गुंडाळणारे इथे टिकत नाहीत.
आणि प्रत्येक जोडावर ही तारेची दोरी, विसरायची नाही.
सतरा साली 'सांता एदुविहेस'च्या बुडाखाली
दोरी लावायची राहिली, जोड सुटला,
आणि नळी वारं प्यायलेल्या वासरासारखी
धक्काभर उधळली.
येर्बा मातेचा थर्मास गेला, रंगाचे दोन डबे गेले,
कार्कामोच्या धाकट्याचे पुढचे तीन दात.
तो खेकड्यांच्या बोटीवर असतो आता, अजून ओठ मिटून हसतो.
मी पोटावर सरपटत टाकीपाशी गेले, कॉक फिरवला,
तेव्हा कुठे ती निपचित पडली.

म्हणून आधी कॉक.
डोळे मीट आणि तिथपर्यंत जाऊन दाखव.
...
ती शिडी आहे.
पुन्हा.

सुया बदलायच्या तर कॉक बंद,
मग घोडा दाब, नळीतली उरलेली हवा जाऊ दे,
हत्याराचा शेवटचा उसासा ऐकू आला
की मगच जोड सोड.
सुरुवातीला तेलाचे चार थेंब. पाच नकोत,
पाचवा तुझ्या चष्म्यावर येतो.
हो, चष्मा. आणि कानांत बोळे.
आणि त्या हवेनं पँटवरचा गंज झाडायचा नाही,
कितीही घाई असली, कुणी पोरगी फाटकाशी उभी असली तरी.
ती हवा कातडीत शिरते.
शिरली की तिला बाहेरची वाट माहीत नसते.

बाकावर बसलाय तो रेमिहिओ ओयार्सो.
एकतीस वर्षं सुयांच्या हातोड्यानं
बोटींचे तळ खरवडले त्यानं.
मधूनमधून खाली ठेव, असं कुणी सांगितलं नाही.
हातमोजे कोरडे ठेव, मूठ सैल धर,
हत्याराची थंड फुंकर बोटांवर घेऊ नकोस,
कुणी म्हणजे कुणी सांगितलं नाही.
आता गारठा पडला की त्याची बोटं मेणबत्तीसारखी पांढरी होतात.
शर्टाच्या गुंड्या ओतिलिया लावते.
मी त्याला विचारलं होतं, दुखतात का?
म्हणाला, दुखली असती तर माझी वाटली असती.

त्याला नोकरी नाही इथे. पेन्शन आहे, तुटपुंजी.
तरी रोज साडेपाचला येतो,
टाकीचा दाब उतरला की
खालची चावी तळहाताच्या टाचेनं ढकलून उघडतो,
आणि दिवसभराचं पाणी सोडतो.
तांबूस, गंजाच्या वासाचं, कपभर.
हिवाळ्यात जास्त.
तू विचारलंस ना, टाकीत पाणी कुठून आलं?
ओतलं कुणीच नाही.
हवेतच होतं ते. दाबलं की बाहेर पडतं.
एक आठवडा राहू दिलं की आतून पोखरतं,
आणि बाहेरून टाकी तशीच निळी दिसते.

चल, साडेपाच वाजले.
तू उघडू नकोस, ते त्याचं काम.
नुसता बाजूला उभा राहा.
पाणी संपल्यावर तो लगेच जाणार नाही,
कॉम्प्रेसरच्या गरम डोक्याजवळ दोन्ही हात धरून बसेल,
चुलीपाशी बसावं तसा.
तेव्हा त्याच्याशी बोलायचं नाही.
झाडू घे. फरशी झाड.

झाडूनं, दामियान.
हवेनं नाही.