एकेचाळिसावं वलय

लोहामंडीच्या मागे, भागीरथ मिस्त्रींच्या आरागिरणीतून
सागाची चकती आणली स्कूटरवर,
पायाशी उभी धरून, सिलिंडरसारखी.
आठवडाभर पॉलिशपेपर घासला. ऐंशी, दोनशे वीस, चारशे.
नाकातून अजून भुसा निघतो.

भिंगाखाली वर्षं दिसू लागली.
रुंद म्हणजे पाणी, चिंचोळं म्हणजे पावसाने दिलेली ओढ.
सालीकडून आत मोजत गेले.
एकेचाळिसावं इतकं बारीक
की टाचणीच्या टोकाखाली अख्खं वर्ष झाकलं गेलं.

दुष्काळ, असं वहीत लिहिलं. पेनने.

पण त्याच नाल्याकाठच्या तुणीचं
एकेचाळिसावं चांगलं गलेलठ्ठ.
मग तहान एकट्या सागालाच कशी?

चकती घेऊन परत गेले.
मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला,
वलय पाहिलंच नाही, अंगठ्याने चाचपलं.
"चोरलचं लाकूड ना? तेव्हा मी तिकडे तोडीवर होतो, ताई.
रात्री झिमझिम ऐकून ताडपत्री ओढली डोक्यावर.
सकाळी बघतो तर ताडपत्री कोरडी, वर काळे दाणे.
अळ्या खात होत्या रात्रभर, त्यांची लेंडी.
आठ दिवसांत पानांच्या नुसत्या शिरा उरल्या,
जंगलात सावली म्हणून नाही,
आणि नाला दुथडी..."

आरा पुन्हा सुरू झाला.
पुढचं ऐकू आलं नाही, ओठ तेवढे हलताना दिसले.

घरी येऊन दुष्काळ खोडला.
शेजारी काय लिहावं, बराच वेळ सुचेना.
लिहिलं: पाऊस भरपूर.
खाली, पेन्सिलीने: आणि दुसरंही काही पडत होतं,
पावसासारखं ऐकू येणारं.