दम

स्टुडिओत शिरताना मी घड्याळ काढते,
सळसळणारं जाकीट बाहेर खुंटीला अडकवते.
माइकला सगळं ऐकू जातं:
उलटणारं पान, पोटातली भूक,
कालचं भांडण.

अकरा वर्षं मी मिनेजी नावाचा मुलगा आहे.
मला पंचावन्न सरली, तो अजून चौदाचाच.
त्याच्या बरगड्या मोडल्या तेव्हा मी कण्हले,
तो कड्यावरून कोसळला तेव्हा माझा घसा फाटला,
आणि त्याच संध्याकाळी ओगिकुबोच्या घरात
मी शांतपणे मुळा किसला.

आज शेवटचा भाग.
पडद्यावर अजून रंग चढलेला नाही,
नुसत्या पेन्सिलीच्या रेघा.
बर्फ म्हणजे कोरा कागद.
पुलावर दोघं: मिनेजी, आणि तो म्हातारा ओदोरो,
ज्यानं त्याला दोन पायांवर नीट उभं राहायला शिकवलं
आणि नंतर त्याचं गाव जाळलं.
या पुलापर्यंत यायला
आम्हाला दोनशे सहा भाग लागले.

ओदोरोचा आवाज म्हणजे कुसाबा-सान.
मार्चमध्ये त्यांना झटका आला.
उजवा हात गेला, मग शब्द गेले.
निर्माते म्हणाले, एक पोरगा आहे, हुबेहूब काढतो.
दिग्दर्शिका योनेकुरा-सान काही बोलल्या नाहीत.
घरी जाऊन त्यांनी ओदोरोचे सगळे संवाद खोडले,
अडीच पानं:
कबुली, शाप, मुलाच्या आईचं नाव.
समासात एकच शब्द लिहिला,
श्वास.

लेकीनं त्यांची चाकाची खुर्ची ढकलत आणली.
सहा फुटी माणूस.
त्यांचा माइक खाली, खाली, आणखी खाली घेतला,
माझ्या माइकच्याही खाली.
मी कुठं बघावं मला कळेना.

लाल दिवा.

त्यांनी श्वास घेतला.
छपरावरचं बर्फ सुटण्याआधी
पत्रा जसा जरासा कण्हतो, तसा.
तिसऱ्या भागात ओदोरो म्हणाला होता,
'ठोसा नंतर, पोरा. आधी दम धर.'
तेव्हा मला ते वाक्य पोकळ वाटलं होतं.
आज त्यात वाक्य नव्हतं,
नुसता दम होता.

आता माझी आरोळी.
'घुबडाचा अकरावा पंख', पुढे सात उद्गारचिन्हं.
देशभरची पोरं अंगणात उशा बडवत
हेच ओरडत मोठी झाली.
आठवडाभर मी तिच्यासाठी घसा राखला होता,
साके नाही, फोन नाही,
रात्री गळ्याला ओला पंचा.

पण शेजारी तो श्वास अडखळत वर चढत होता
आणि मला ओरडता येईना.
मी ते नाव हळू उच्चारलं,
आजारी माणसाला सांगावं तसं:
पाय उचला. हं. आता दुसरा.

पडद्यावर मूठ थांबली, बोटभर अलीकडे.
म्हाताऱ्याच्या मिशीचा एक केस हलला.
तेवढंच.

काचेपलीकडे कुणी 'कट' म्हणेना.
मग ध्वनीवाला चाचरत म्हणाला,
मध्ये एक करकर आली आहे, खुर्चीचा ब्रेक असावा,
पुन्हा घेऊया का?
'राहू दे,' योनेकुरा-सान म्हणाल्या.
'पूल लाकडाचाच आहे.'
कुसाबा-साननी डाव्या हातानं
गुडघ्यावर दोनदा थोपटलं.
पूर्वी ते असंच करायचे,
जमलं म्हणायचं असलं की.

नंतर फुलं, फोटो, कागदी पेल्यांतला चहा.
उद्या इथं भाताच्या कुकरची जाहिरात आहे,
कुणी उंच बाई येणार आहे म्हणे.
मदतनीस पोरगा माझ्या माइकचा स्क्रू सैल करू लागला,
अकरा वर्षं तो त्याच खुणेवर होता.
माझ्या तोंडून मिनेजीचाच आवाज निघाला,
की ओदोरोचा, कोण जाणे:

दम धर जरा.