बत्तीसशे वेळा

मीटरवरचा तांबडा ठिपका
बत्तीसशे वेळा लुकलुकला
की एक युनिट होतं.
वसमतला रुजू झालो त्या दिवशी
मला एवढंच शिकवलं होतं.
बाकीचं दारं शिकवतात.

दुपारी एक. कारखाना रोड.
विश्वांभर कऱ्हाळेंच्या दाराला कुलूप,
घरची सगळी नांदेडला, लग्नाला,
आणि ठिपका धापा टाकतोय.
खिडकीला कान लावला. आत कूलर.
टाकीतलं पाणी कधीच आटलेलं,
वाळ्याच्या ताट्या कडकडीत,
आणि हा रिकाम्या पलंगाला वारा घालतोय,
इमानी गड्यासारखा,
ज्याला जाताना कुणी 'बस कर आता' म्हणालंच नाही.

मी फोटो काढला. आकडा आला. निघालो.
आकड्यात कूलर दिसत नाही.
पलंग तर नाहीच.

तेलगल्लीच्या तोंडाशी एक खांब आहे,
त्याचा दिवा मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत,
भर बारा वाजता पेटलेला.
चहावाला मुनीर म्हणतो,
"सूर्याला हातभार लावतोय, साहेब. लावू द्या."
त्याचं बटण कुठं आहे
ते नगरपालिकेला माहीत नाही.
वायरमन शिंगणकरांना माहीत होतं,
ते रिटायर होऊन लेकाकडं गेले.
मी दोन अर्ज दिले. पोच मिळाली.
तिकडं परळीला
कुणाच्या तरी पत्र्यावर वाळत घातलेल्या कुरडयांवर
बारीक राख बसत असेल
ह्या एका खांबापायी,
चिमटीभर, पण बसत असेल.

कुशावर्ताबाई खिल्लारेंकडं मात्र मी फसलो.
थंडीचे दिवस. टपरीएवढं घर, बिल दुप्पट.
कोपऱ्यात, पालथ्या टोपल्याखालून
पिवळा उजेड फाकलेला:
शंभरचा बल्ब, जुना, तारेचा.
मी भाषण सुरू केलं.
मावशी, ह्याच्यात शंभरातला पाचाचा उजेड,
पंच्याण्णवाचा नुसता ताप,
तुम्ही तापाचे पैसे भरताय,
फेका हा, एलईडी लावा.
त्यांनी टोपलं उचललं.
अठरा पिल्लं,
एकमेकांच्या अंगावर रेललेली,
ऊब पीत.
"मला तर तापच पायजे, दादा.
उजेडच वाया चाललाय.
तेवढा वजा करा."

वजा करता येत नाही.
माझ्या मशीनमध्ये रकानाच नाही
कुणाचं काय वाया गेलं याचा.

काल रात्री दहाला लाईट गेली.
लाईट गेली की गावात एक खेळ चालतो,
जो तो अंधारात बटणं दाबून बघतो, आली का,
वर दाबलं की खाली, कुणाच्या ध्यानात राहत नाही.
पहाटे तीनला आली
आणि सगळं गाव एकदम जागं झालं, माणसं सोडून.
न्हाणीघरातले बल्ब.
शटर ओढलेल्या दुकानांच्या पाट्या.
शाळेत चौथीच्या वर्गातला पंखा,
फळ्यावर राहून गेलेल्या गणिताला वारा घालणारा.
आमच्या ओट्यावर मिक्सर किंचाळला.
शेंगदाण्याची चटणी अर्ध्यात राहिली होती,
सत्त्वशीलानं भांडं तेवढं काढलं होतं.

उठलो. उजेडातच चाचपडत
एकेक बंद करत गेलो.
मिक्सर. माळ्यावरचा दिवा.
टीव्हीचा तांबडा डोळा.
मोबाईल काढून नेलेला चार्जर,
मुठीत धरला तर कोमट,
पिल्लासारखा.

मग बाहेर आलो, बॅटरी घेऊन,
आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मीटरसमोर
गिऱ्हाइकासारखा उभा राहिलो.
ठिपका लुकलुकला.
बऱ्याच वेळानं पुन्हा.
काय राहिलं? फ्रीजही बंद केलाय.
मनातल्या मनात घर पालथं घातलं,
खोली खोली, भिंत भिंत.
अकरा. बारा.

"काहून उभे हाव इथं?"
मोजतोय, म्हणालो.

तिनं जांभई दिली,
माझ्या डोक्यावरची पडवीतली ट्यूब
खट्‌कन बंद केली
आणि आत गेली.