पानाची कड

रावेरच्या स्टेशन रोडला माझं खताचं दुकान.
बत्तीस वर्षं लोक येतात केळीचं पान घेऊन,
ओल्या फडक्यात गुंडाळलेलं, तापाच्या लेकरासारखं.
मी चष्मा कपाळावर सरकवून फक्त कड बघतो.
पिवळी पडून करपत चालली असेल तर सांगतो,
पोटॅश कमी पडलंय, ठिबकातून सोडा,
थोडं थोडं, एकदम नको.
माझा अंदाज चुकत नाही, असं लोक म्हणतात.
मीही म्हणायचो.

मथुरा त्या नवतप्यात गच्चीवर बिबडे घालत होती.
पाय सुजायचे म्हणून कुणीतरी लिहून दिलेली पाण्याची गोळी
ती दोन वर्षं घेत होती, चहाआधी, न चुकता.
त्यात दोन दिवस पोट बिघडलेलं.
रात्री म्हणाली, "पोटऱ्यायमधी गोये येऊ राह्यले."
मी कूस बदलत म्हणालो,
ऊन लागलं असेल, उशाशी कांदा ठेव.

सकाळी तिला उठता येईना.
पाय होते, बोट लावलं तर कळत होतं,
पण उचलत नव्हते.
"मांड्यायमधी कोनं ओली रेती भरली का हो?"
मग हात छातीवर:
"अन् इथं मधातच एक पायरी चुकते."

डॉक्टर नेहेत्यांनी कागदाची लांब पट्टी माझ्यासमोर धरली.
ही लाट उभी हवी, ती आडवी झालीय,
आणि तिच्या पाठीमागे हा नको तिथे आलेला उंचवटा.
मग रक्ताचा आकडा आला, दोन पूर्णांक चार.
साडेतीनच्या खाली जायला नको असतं.
"पोटॅशियम," ते म्हणाले.
मी हसलो.
खरंच हसलो.
कंपाउंडर सलामत तडवीनं माझ्याकडे असं बघितलं
की अजूनही तो दुकानासमोरून गेला
तर मी पावतीपुस्तकात डोकं घालतो.

पन्नास किलोची पोती माझ्याकडे छतापर्यंत.

बाटलीतून थेंब पडत होते.
"हात जयते," ती म्हणाली.
लवकर संपावं म्हणून मी नळीचं चाक फिरवायला गेलो,
नर्सनं मनगट धरलं.
"काका, हेच औषध घाईनं गेलं तर काळीज बंद पाडतं."
थोडं थोडं. एकदम नको.
कुणाचं वाक्य होतं हे?

दुसऱ्या दिवशी मॅग्नेशियमही कमी निघालं.
ते भरल्याशिवाय हे अंगात थांबणार नाही,
वरून ओतलं तरी लघवीवाटे जाईल, म्हणाले.
शेतातही या दोघांचं असंच काहीतरी असतं,
मी बोललो नाही.
त्या दिवशी मला काही येतं असं दाखवायचं नव्हतं.

भेटायला येणारा प्रत्येक जण केळीच घेऊन.
खाटेखाली फणीवर फणी, खोलीभर गोड वास.
"एवढ्यानं भरून निघेल ना?" मी विचारलं.
"खाऊ द्या. पण खड्डा मोठा होता,
आणि ती गोळी रोज उपसत होती."
गोळी बदलली. खारट-कडू सिरप,
पेलाभर पाण्यात, जेवणानंतर.
आठवड्यानं पुन्हा रक्त.
ती तोंड वाकडं करून प्यायची
आणि पेला मुद्दाम माझ्या हिशेबाच्या वहीवर ठेवायची.

भंगाळे अण्णा म्हणाले, उरली बाटली तर मला द्या,
माझेही पाय ओढतात.
त्यांच्या किडन्या निम्म्याच चालतात.
डॉक्टर फोनवर ओरडलेच,
त्यांना शहाळंसुद्धा विचारून द्यायचं!
एकाला जे कमी, तेच दुसऱ्याच्या गळ्याशी आलेलं,
आणि माणसाला कड नसते.

मथुरा आता बरी आहे.
जिना चढताना मोजते, मोठ्यानं,
मला ऐकू जावं म्हणून.

काल विवऱ्याचा एक पोरगा पान घेऊन आला.
कड पिवळी, टोकाशी करपलेली, अगदी पुस्तकातली.
मी ते उजेडात धरलं, बराच वेळ.
मग विचारलं, घरातली माणसं कशी आहेत?
तो म्हणाला, चांगली हायेत. काहून?
मी पावती फाडली.