थाबित आणि मुलगे

लेटरहेडवर अजून तेच छापलेलं आहे.
लढाईआधीचा गठ्ठा, पाचशे पानांचा,
छत कोसळलं तरी कोपऱ्यात कोरडा राहिलेला.
कागद फेकवत नाही बाबांना.

मोसुलच्या जुन्या भागात, नदीकडून तिसऱ्या गल्लीत
आमची कंपनी म्हणजे एक मिक्सर, दोन हातगाड्या,
नशवान गवंडी, त्याचा बहिरा मेहुणा
आणि हिशेबाला मी.

मेहुणा ढिगाऱ्यातल्या सळ्या सरळ करतो
रुळाच्या तुकड्यावर, हातोड्याने.
बहिरा आहे, म्हणून दिवसभर जमतं त्याला.
वाकडी सळई किलोवर मिळते, नवी परवडत नाही.
पण एकदा वाकलेलं लोखंड, बाबा म्हणतात,
दुसऱ्यांदा वाकताना विचारत नाही.
म्हणून ती कुंपणाला, ओट्याला.
छताला नवीच, मग घरात चूल पेटो न पेटो.

खौलामावशीच्या भिंतीवर लाल फवाऱ्याने लिहिलेलं:
सुरुंग नाहीत. खाली तारीख.
नशवान थापीवर जिप्सम घेऊन थांबला.
झाकू?
जिप्सम कुणासाठी थांबत नाही,
चहा निवायच्या आत घट्ट होतो.
मावशी म्हणाली, राहू दे.
मग म्हणाली, नको, झाक. पाहुण्यांना वाटेल
अजून पावलं मोजून टाकतो आम्ही.
तोवर घमेल्यात दगड झाला होता.
ते घमेलं बिलात धरलं नाही.

मदतीच्या कचेरीत
तीन कंपन्यांची तीन दरपत्रकं लागतात.
आमच्या भागात कंपन्या दोनच, आम्ही आणि इद्रीस.
तिसरी इद्रीसच्या वारलेल्या चुलत्याची.
शिक्का उरलाय त्याचा.
प्रत्येक कामात चुलत्याचा भाव सगळ्यांत चढा,
जिवंतपणी कधी नव्हता इतका.
कचेरीतल्या पोरालाही ठाऊक आहे हे.

काल त्याने चुलत्याबद्दल काही विचारलं नाही.
आमच्याच कागदावर बोट ठेवलं:
मुलगे किती?
कामगारांच्या रकान्यात नावं लागतील.

बाबा खिडकीतून पुलाकडे बघत राहिले.
रेतीचा ट्रक अडकला होता तिथे,
मागे गाड्यांची रांग, हॉर्नचा गलका.
मी पेन घेतलं.
लिहिलं, एक.
पुढे माझं नाव, पूर्ण,
आजोबांच्या नावापर्यंत.

पोराने वाचलं, वर पाहिलं,
शिक्क्यावर फुंकर मारली आणि उठवला.

जिना उतरताना बाबा म्हणाले,
सळईचा भाव उद्या चढेल,
आजच उचलू.